सैन्य माघारी गेलं, पण माणसांचं देणं राहिलं

30 ऑगस्ट 2021 च्या रात्री काबूलच्या विमानतळावरून अमेरिकेचं शेवटचं लष्करी विमान उडालं आणि वीस वर्षांचं युद्ध कागदोपत्री संपलं. त्याआधीच्या सतरा दिवसांत साधारण 1 लाख 24 हजार माणसं विमानांनी बाहेर काढली गेली. इतक्या कमी वेळात इतकी माणसं हलवणं सोपं नव्हतं आणि ज्यांनी ते केलं त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण विमानतळाच्या भिंतीबाहेर सांडपाण्याच्या कालव्यात उभं राहून, हातातले कागद उंच धरून ओरडणाऱ्यांपैकी हजारो तिथेच राहिले. 26 ऑगस्टला त्याच गर्दीत ॲबी गेटजवळ इस्लामिक स्टेटच्या आत्मघातकी हल्लेखोराने स्फोट घडवला. त्यात 13 अमेरिकी सैनिक आणि 170 च्या आसपास अफगाण मारले गेले.

मागे राहिलेल्यांमध्ये वीस वर्षं परकीय सैन्याबरोबर काम केलेले दुभाषे, चालक, सुरक्षारक्षक होते. परदेशी पैशावर चालणाऱ्या शाळा-दवाखान्यांत काम करणाऱ्या बायका, न्यायाधीश, पत्रकार होते. जो देश आपलं सैन्य दुसऱ्याच्या भूमीवर नेतो, तिथल्या माणसांना कामाला लावतो आणि एक दिवस निघून येतो, त्याच्यावर या माणसांना आपल्या देशात घर देण्याचं कर्तव्य येतं का? येत असेल तर कुणाकुणासाठी आणि कधीपासून? मला या विषयाबद्दल मनापासून काळजी वाटते आणि माझं मत मी लपवणार नाही. पण आधी मुळातली गोष्ट समजून घेऊ.

कायदा इथे जवळजवळ हात वर करतो. निर्वासितांविषयीचा 1951 चा आंतरराष्ट्रीय करार निर्वासित कुणाला म्हणतो? छळाच्या भीतीने जो आपल्या देशाच्या बाहेर पडला आहे त्याला. म्हणजे काबूलमध्ये तळघरात लपून बसलेला दुभाषा कायद्याच्या भाषेत निर्वासितच नाही. त्याने आधी सीमा ओलांडायची, मग त्याला ते नाव मिळणार. सीमा ओलांडल्यावर कराराची एक भक्कम हमी मिळते: जिथे जिवाला धोका आहे तिथे त्याला परत ढकलता येत नाही. पण ही हमी ज्या देशात तो पोहोचला त्या देशावर असते आणि पाकिस्तानने तर या करारावर सहीच केलेली नाही. तिसऱ्या एखाद्या सुरक्षित देशाने त्याला बोलावून कायमचं घर देणं, म्हणजे पुनर्वसन, हे पूर्णपणे त्या देशाच्या मर्जीवर आहे. जगातल्या निर्वासितांपैकी दर वर्षी एक टक्क्याहूनही कमी लोकांच्या वाट्याला असं पुनर्वसन येतं. बाकीचे शेजारच्या देशांत, बहुतेक वेळा गरीब देशांत, वर्षानुवर्षं ताटकळत राहतात.

म्हणून या प्रश्नाला नैतिक म्हणायचं. कायद्याने सक्ती नाही, न्यायालयात दाद सहसा मागता येत नाही, आणि तरी काहीतरी देणं लागतो असं आपल्याला आतून वाटतं. ते का वाटतं, हे उलगडून बघायला हवं.

संकटातल्या माणसाला मदत करणं हे सगळ्यांचंच कर्तव्य आहे. भूकंपातून, दुष्काळातून, दुसऱ्याच कुणाच्या युद्धातून पळालेल्या माणसासाठी जग जे करतं ते या प्रकारात मोडतं. त्यात भार वाटून घेता येतो, ‘आमची ऐपत एवढीच’ असंही म्हणता येतं. सैन्य माघारीनंतरची गोष्ट वेगळी आहे. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर बादली घेऊन धावणं हा शेजारधर्म झाला. पण त्या घरात आपल्या कामासाठी आपणच चूल पेटवली असेल आणि ती धगधगती सोडून निघून आलो असू, तर पाणी ओतायला जाताना ‘मी किती दयाळू’ असं म्हणायची सोय उरत नाही.

सैन्य नेणाऱ्या देशाच्या जागी स्वतःला ठेवून बघू. हे देणं तयार कसं होतं? एक तर शब्दामुळे. ‘आमच्याबरोबर काम कर, तुझ्यावर वेळ आली तर आम्ही आहोत’ असं दुभाष्याला प्रत्यक्ष सांगितलं गेलं. कधी गस्तीवर असलेल्या लेफ्टनंटने सांगितलं, कधी थेट कायद्याने. अमेरिकेच्या संसदेने 2009 मध्ये खास अफगाण सहकाऱ्यांसाठी व्हिसाचा कायदा केला, इराक्यांसाठी त्याआधीच 2008 मध्ये केला होता. दुसरं कारण धोक्याचं. या माणसाच्या जिवावर जी तलवार टांगली आहे ती त्याच्या जातीमुळे किंवा नशिबामुळे आलेली नाही, आपल्याबरोबर दिसल्यामुळे आली आहे. आणि तिसरं, त्याच्या कामाचा फायदा आपल्याला झाला. भाषा न कळणाऱ्या गावात कोणता रस्ता सुरुंगाचा आहे हे त्याने ऐकलं आणि सांगितलं, म्हणून आपले सैनिक जिवंत घरी आले.

‘त्याचा पगार दिला होता ना?’ असं यावर बरेचदा विचारलं जातं. दिला होता. पण पगार कामाचा होता. ‘आम्ही हरून निघून गेलो तर तुझं आणि तुझ्या पोरांचं काय ते तू बघ’ या अटीचा तो मोबदला नव्हता आणि अशी अट कुणी त्याच्यासमोर ठेवलीही नव्हती. खाल्ल्या मिठाला जागण्याची अपेक्षा आपण नेहमी चाकराकडून करतो. ज्याने मीठ घातलं त्याच्यावरही काही बंधन असतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ‘कधीपासून’ हा प्रश्न, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. आपण समजतो की कर्तव्य माघारीच्या दिवशी सुरू होतं. माझ्या मते ते माणसाला कामावर घेतलं त्या दिवशी सुरू होतं. हा फरक तात्त्विक वाटेल, पण हजारो जीव त्याच्यावर अवलंबून होते. अमेरिकी व्हिसाची वाट कशी होती ते पाहिलं की हे लक्षात येतं.

त्या वाटेवर चौदा टप्पे होते. अर्जदाराने अमुक काळ, आधी एक वर्ष, नंतर दोन वर्षं, 2021 च्या उन्हाळ्यात पुन्हा एक वर्ष, अमेरिकी सरकारसाठी किंवा त्याच्या कंत्राटदारासाठी काम केल्याचं नोकरीचं पत्र आणायचं. ज्याच्या हाताखाली काम केलं त्या अमेरिकी अधिकाऱ्याचं शिफारसपत्र आणायचं. आपल्याला धोका आहे हे स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायचं. मग दूतावासाच्या प्रमुखाची मंजुरी, मग पुढचा अर्ज, मग मुलाखत, वैद्यकीय तपासणी, सुरक्षा तपासणी. संसदेने सांगितलं होतं की सरकारच्या हातातलं काम नऊ महिन्यांत संपलं पाहिजे. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं जात. अर्जदार अखेर न्यायालयात गेले आणि हा उशीर अवाजवी असल्याचं 2019 मध्ये अमेरिकी न्यायालयानेही मान्य केलं.

आता कंदहारच्या एखाद्या चालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्या कंत्राटी कंपनीने कामावर ठेवलं होतं ती बंद पडली आहे, पत्र कोण देणार? ज्या कॅप्टनबरोबर काम केलं तो अकरा वर्षांपूर्वी मायदेशी गेला, त्याचा जुना ईमेल चालत नाही. आणि जे काही कागद जवळ आहेत, ओळखपत्र, सैनिकांबरोबरचे फोटो, कौतुकाचं प्रमाणपत्र, ते घरात सापडले तर मरण आहे. जो कागद त्याला वाचवू शकतो तोच त्याला मारू शकतो. तालिबान जवळ आले तसे अनेकांनी हे कागद जाळले, पुरले, विहिरीत टाकले. नंतर ‘पुरावा द्या’ म्हणणाऱ्या कार्यालयाला सांगायला त्यांच्याजवळ काहीच उरलं नाही. काबूलचा अमेरिकी दूतावास रिकामा करताना कर्मचाऱ्यांनी गोपनीय कागद नष्ट केले, त्यात व्हिसासाठी जमा झालेले काही अफगाणांचे पासपोर्टही गेले.

बाहेरच्या देशात जपून ठेवलेल्या याद्यांचीही भीती असतेच. ब्रिटनच्या संरक्षण खात्यातून फेब्रुवारी 2022 मध्ये आश्रयासाठी अर्ज केलेल्या सुमारे 19 हजार अफगाणांची माहिती असलेली एक फाईल चुकून बाहेर गेली. हे सरकारच्या लक्षात आलं ऑगस्ट 2023 मध्ये. मग न्यायालयाकडून असा मनाई हुकूम घेतला गेला की गळतीबद्दलच काय, त्या हुकुमाबद्दलही बोलता येणार नाही. धोक्यात आलेल्यांसाठी गुपचूप एक वेगळी योजना सुरू झाली. जुलै 2025 मध्ये हुकूम उठला तेव्हा ब्रिटिश जनतेला आणि यादीतल्या बऱ्याच अफगाणांना हे पहिल्यांदा कळलं. ज्यांचा जीव टांगणीला होता त्यांनाच दोन वर्षं अंधारात ठेवलं गेलं.

कामावर घेतानाच नोंद झाली असती, तर यातलं बहुतेक टळलं असतं. पगाराच्या यादीत नाव चढतं तेव्हाच ते व्हिसाच्या यादीतही चढवता येतं. तेव्हा अधिकारी समोर असतो, कंपनी चालू असते, बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी तर सैन्य स्वतःच करत असतं, कारण त्याशिवाय तळावर कुणाला सोडतच नाहीत. हे सगळं हाताशी असताना वेगळा अर्ज, वेगळा पुरावा मागण्याची पद्धत कुणी मुद्दाम क्रूरपणे आखली असेल असं मला वाटत नाही. पण ती बदलायची निकड कुणालाच वाटली नाही, आणि परिणाम तोच झाला.

तारखा शेजारी शेजारी मांडून बघा. अमेरिकेचा तालिबानबरोबर दोहाचा करार झाला 29 फेब्रुवारी 2020 ला, त्यातच माघारीची मुदत होती. त्यानंतर काही आठवड्यांत कोविडमुळे काबूलमधल्या व्हिसा मुलाखती थांबल्या त्या जवळजवळ वर्षभर. 14 एप्रिल 2021 ला तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी माघारीची अंतिम घोषणा केली. जुलैच्या सुरुवातीला बग्रामचा मोठा तळ रिकामा झाला. तोवर सुमारे 18 हजार अर्ज पडून होते, त्यांची कुटुंबं वेगळी. अर्जदारांना घेऊन पहिलं विमान अमेरिकेत उतरलं 30 जुलैला. 15 ऑगस्टला काबूल पडलं. सामान कसं परत न्यायचं याचं नियोजन आधी झालं, माणसांचं शेवटच्या पंधरवड्यात.

याच्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप खुद्द बायडन यांनीच घेतला होता आणि तो हलक्यात घ्यायचा नाही. ते म्हणाले की आधीपासून माणसं बाहेर काढू नका, नाहीतर आमच्या सरकारवरचा विश्वासच उडेल, अशी अफगाण सरकारची इच्छा होती. यात तथ्य आहे. 1975 मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावमधले अमेरिकी राजदूत ग्रॅहम मार्टिन यांनीही याच भीतीने शेवटपर्यंत लोकांना हलवायला टाळाटाळ केली होती. सहकारी निघून चालले म्हटल्यावर सैनिकांचं मनोधैर्य खचतं आणि जे पडणार नव्हतं तेही पडतं.

पण यातून निष्कर्ष काय निघतो? विमानं आधी भरू नयेत इतकाच. अर्ज तपासून मंजूर करून ठेवायला, पासपोर्टवर व्हिसा उमटवायला कुणाची ना नव्हती. उलट ज्याच्या खिशात व्हिसा आहे तो माणूस शेवटच्या दिवसापर्यंत कामावर टिकतो, कारण वेळ आली तर दार उघडं आहे हे त्याला ठाऊक असतं. घाबरून पळतो तो ज्याच्या हातात काही नाही. आणि दुसऱ्या सरकारची प्रतिष्ठा जपायला एखाद्या दुभाष्याचा जीव गहाण ठेवायचा अधिकार अमेरिकेला कुणी दिला होता?

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट आहे ती अल्जीरियातल्या हार्कींची. 1954 ते 1962 या स्वातंत्र्ययुद्धात दोन लाखांहून अधिक अल्जेरियन मुस्लिमांनी कधी ना कधी फ्रेंच सैन्याच्या बाजूने सहायक म्हणून काम केलं, त्यांनाच हार्की म्हणतात. कुणी गरिबीमुळे, कुणी गावातल्या वैरातून, कुणी बंडखोरांनी घरातलं माणूस मारलं म्हणून, कुणी दमदाटीने. मार्च 1962 मध्ये फ्रान्स आणि अल्जेरियन बंडखोर यांच्यात एव्हियां इथे करार झाला, त्यात सूड घेतला जाणार नाही असं लिहिलं होतं. मग फ्रान्सने हार्कींची शस्त्रं काढून घेतली आणि त्यांना घरी जायला सांगितलं. मे महिन्यात मंत्री लुई जोक्स यांनी हुकूम काढला की सरकारी योजनेबाहेर कुणीही हार्कींना फ्रान्समध्ये आणू नये. काही फ्रेंच अधिकाऱ्यांनी हा हुकूम मोडला, आपल्या माणसांना आणि त्यांच्या बायकामुलांना जहाजांत बसवून आणलं. बाकीच्यांचं काय झालं? सूडाच्या लाटेत हजारो हार्की मारले गेले. आकड्यांवर इतिहासकारांचं अजून एकमत नाही, इतकं ते अव्यवस्थित आणि भयंकर होतं.

जे पोहोचले, कुटुंबं धरून साधारण 90 हजारांपर्यंत, त्यांना मिळाल्या रिव्हसाल्त, बियास, सँ-मोरिस-लार्दवाज अशा ठिकाणच्या छावण्या. तारांचं कुंपण, बराकी, थंडी, मुलांसाठी छावणीतलीच शाळा. काही कुटुंबं तिथे दहा-बारा वर्षं राहिली. 1975 मध्ये हार्कींच्या मुलांनी बंड केलं तेव्हा कुठे या छावण्या मोडायला लागल्या. म्हणजे आणून उतरवलं की देणं फिटलं, असंही होत नाही. अल्जीरियाच्या नजरेत हे लोक गद्दार होते, फ्रान्सच्या नजरेत अडचण. 20 सप्टेंबर 2021 ला राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी हार्कींची जाहीर क्षमा मागितली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये भरपाईचा कायदा झाला. साठ वर्षं लागली. माक्रों यांनी क्षमा मागितली तेव्हा काबूलहून शेवटचं विमान उडून तीनच आठवडे झाले होते.

हार्कींचं उदाहरण मी मुद्दाम निवडलं, कारण ते आपल्याला अवघड जागी नेतं. वसाहतवादी सत्तेच्या बाजूने लढलेल्यांबद्दल आपल्या मनात सहज सहानुभूती येत नाही. आपणही वसाहत होतो, आपली सहानुभूती अल्जीरियाच्या स्वातंत्र्याकडे असणार, आणि ती योग्यच आहे. तरी फ्रान्सचं देणं त्यामुळे कमी होत नाही. युद्ध चुकीचं असेल तर ज्याने ते लादलं त्याची जबाबदारी वाढते. 2003 मध्ये इराकवर हल्ला व्हायला नको होता असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर इराकी दुभाष्यांच्या पुनर्वसनाची मागणी आणखी जोराने करायला हवी.

व्हिएतनामच्या वेळी अमेरिकेने सुरुवातीला तसाच गोंधळ घातला, पण पुढे जे केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. 30 एप्रिल 1975 ला सायगाव पडलं. जनमत विरोधात होतं, गॅलपच्या पाहणीत 54 टक्के अमेरिकी लोकांनी व्हिएतनामी निर्वासितांना आणायला नकार दिला होता. देशात मंदी होती. तरी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी संसदेकडे आग्रह धरला आणि 23 मे रोजी, सायगाव पडून महिना व्हायच्या आत, पुनर्वसनाचा कायदा झाला. माणसं आधी पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर उतरवली. तिथे ओरोटे पॉइंटला तंबूंचं गाव उभं राहिलं. तपासणी तिथे, सुरक्षित जागी, अमेरिकी भूमीवर झाली, सायगावच्या रस्त्यावर पुरावे मागत नाही. सुमारे 1 लाख 30 हजार लोक त्या वर्षाअखेर अमेरिकेत वसवले गेले आणि 1977 मध्ये त्यांना कायम वास्तव्याचा हक्क मिळवून देणारा कायदाही झाला.

2021 मध्ये ग्वामचा मार्ग वापरा असं अनेक माजी सैनिक आणि संसद सदस्य घसा कोरडा करून सांगत होते. उन्हाळा सरत आला तरी तो वापरला गेला नाही.

व्हिएतनामची गोष्ट सगळी उजळ आहे असं मात्र नाही. मागे राहिलेले दक्षिण व्हिएतनामचे सैनिक आणि अधिकारी ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांत वर्षानुवर्षं डांबले गेले, लाखो लोक होड्यांतून समुद्रात निघाले, असंख्य बुडाले. जगाने त्यांच्यासाठी 1979 मध्ये जिनिव्हात परिषद घेतली, तीही खूप माणसं गेल्यावर.

आता ‘कुणासाठी’ हा प्रश्न. दुभाषा सगळ्यांना पटतो. त्याच्यापुढे रेषा कुठे ओढायची? अफगाण सैन्याचा सैनिक या अमेरिकी व्हिसात बसतच नव्हता, कारण तो आपल्याच देशाच्या सरकारचा नोकर. पण त्या सैन्याला शस्त्रं, पगार, प्रशिक्षण कुणाचं होतं? या युद्धात अमेरिकेचे साधारण अडीच हजार सैनिक गेले. अफगाण सैनिक आणि पोलीस साठ हजारांहून अधिक. ब्रिटनने स्वतः उभ्या केलेल्या आणि पैसे दिलेल्या अफगाण विशेष तुकड्यांतल्या सुमारे दोन हजार जणांचे अर्ज आधी फेटाळले गेले होते, नंतर ते पुन्हा तपासावे लागले. त्या फेटाळण्यात ब्रिटिश विशेष दलांचाच हात होता, हे पुढे आल्यावर खूप खळबळ उडाली. दोनशेहून अधिक महिला न्यायाधीश होत्या, ज्यांनी शिक्षा दिलेले कैदी तालिबानने तुरुंगातून सोडून दिले. त्यांनी एकाही परकी सैनिकासाठी काम केलं नव्हतं. पण बाईने न्यायासनावर बसावं म्हणून पैसा, प्रोत्साहन, फोटो आणि भाषणं कुणाची होती?

माझं मत असं: आपल्यामुळे धोका किती वाढला, हेच मोजमाप ठेवावं. आपल्याला किती उपयोगी पडला किंवा उद्या आपल्या देशात किती कमावेल, हे नव्हे. त्या मोजमापाने दुभाषा आणि न्यायाधीश दोघंही रांगेत अगदी पुढे येतात, सैनिकही येतो. ज्याच्या परिस्थितीचा माघारीशी संबंध दूरचा आहे, तो रांगेत मागे जाईल. त्याच्याविषयी सगळ्या जगाचं साधं माणुसकीचं कर्तव्य उरतंच. सगळा देश उचलून आणा, असं कुणी म्हणत नाही आणि कुणी म्हटलंही नव्हतं.

‘चांगली शिकलेली माणसं नेली तर मागे देशाचं काय’ हा आक्षेप मला फारसा पटत नाही. लपून बसलेली न्यायाधीश देशाच्या काही उपयोगी पडत नाही.

सुरक्षेचा आक्षेप मात्र खरा आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या दोन सैनिकांवर गोळीबार झाला, त्यातल्या एकीचा मृत्यू झाला. आरोपी 2021 मध्ये आणलेला अफगाण, जो आधी सीआयएच्या पाठिंब्याच्या तुकडीत लढला होता. मरण पावलेल्या तरुण मुलीच्या घरच्यांचं दुःख कुठल्याही युक्तिवादाने हलकं होत नाही. त्यानंतर अमेरिकेने अफगाण नागरिकांचे वास्तव्याविषयीचे सगळे अर्जच थांबवले. एकाच्या गुन्ह्यासाठी हजारोंचा दरवाजा बंद करणं मला न्याय्य वाटत नाही. तपासणी हवीच, आणि ती आधी, सवडीने, माणूस तळावर काम करत असताना झाली तर सगळ्यात चांगली होते. घाईत केलेली तपासणी कच्ची राहते, आणि घाई कशामुळे झाली ते वर आलंच आहे.

आणलेल्यांची स्थिती तरी काय? साधारण 76 हजार अफगाण अमेरिकेत ज्या तात्पुरत्या परवानगीवर आले ती दोन वर्षांची होती. त्यांना कायम वास्तव्य देणारा कायदा ऑगस्ट 2022 मध्ये संसदेत मांडला गेला, पुन्हा मांडला गेला, मंजूर झाला नाही. 1977 मध्ये व्हिएतनामींसाठी जे झालं ते यांच्यासाठी झालं नाही. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प सरकारने निर्वासित पुनर्वसनाचा पूर्ण कार्यक्रमच स्थगित केला, तेव्हा तपासणी पूर्ण झालेले, विमानाची वाट बघणारे अफगाण इस्लामाबादेत आणि कतारच्या तळावर अडकले.

पाकिस्तानात अडकणं म्हणजे काय? ऑक्टोबर 2023 मध्ये पाकिस्तानने परवाना नसलेल्या परदेशी नागरिकांना देश सोडायचा हुकूम दिला आणि त्यानंतर लाखो अफगाण परत गेले किंवा घालवले गेले. 2025 मध्ये इराणनेही तेच केलं. चाळीस वर्षं सगळ्यात मोठा भार या दोन देशांनी उचलला हे मान्य करायलाच हवं. पण त्यांच्याकडे ‘अमेरिका नेईल, जर्मनी नेईल’ म्हणून थांबलेली माणसंही या धरपकडीत सापडली. जर्मनीने लेखी आश्वासन दिलेले दोनशेहून अधिक जण ऑगस्ट 2025 मध्ये पाकिस्तानने अफगाणिस्तानात परत पाठवले. त्याआधी जुलैमध्ये बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने मात्र एक महत्त्वाची गोष्ट सांगितली होती: सरकारने एकदा प्रवेशाचं आश्वासन दिलं की ते बंधनकारक आहे, नवं सरकार आलं म्हणून ते विरत नाही. एका अफगाण प्राध्यापिकेच्या कुटुंबाच्या प्रकरणातला हा निकाल. नैतिक देणं आणि कायदा यांच्यामधली ती भिंत शब्दाच्या लेखी पुराव्याने थोडी तरी फुटते, हे यातून दिसतं.

आपण भारतीय हे सगळं लांबून बघू शकतो का? पूर्ण नाही. जुलै 1987 च्या करारानंतर आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. सुमारे 1200 भारतीय सैनिक तिथे धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मलेले, माटुंग्यात शिकलेले, 8 महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना तिथल्याच बलिदानासाठी परमवीर चक्र मिळालं. 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. आपण ज्यांच्या जोरावर श्रीलंकेच्या उत्तर-पूर्व प्रांताचं सरकार उभं केलं होतं, ते ईपीआरएलएफ या तमिळ गटाचे कार्यकर्ते आणि त्यांच्या सैन्यात, अनेकदा जबरदस्तीने, भरती झालेली पोरं त्यांच्या शत्रूच्या, म्हणजे एलटीटीईच्या, तोंडी राहिली. आपल्या सैन्याची पाठ वळताच त्यातली कित्येक मारली गेली. जे जहाजाने विशाखापट्टणमला पोहोचले त्यांना ओडिशातल्या दूरच्या मलकानगिरीत ठेवलं गेलं, पूर्व बंगालच्या निर्वासितांना जिथे वसवलं होतं त्याच मुलखात. आपल्याकडे शांतिसेनेची आठवण निघते ती आपल्या सैनिकांच्या आणि राजकारणाच्या अंगाने. या पोरांचं नाव कुणी काढत नाही. तमिळनाडूतल्या छावण्यांत आजही हजारो श्रीलंकन तमिळ राहतात, त्यांच्यातले कितीतरी तिथेच जन्मलेले, आणि 2019 च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यात श्रीलंकेचं नाव नाही. भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही, त्यामुळे कुणाला ठेवायचं हे वेळोवेळी सरकार ठरवतं.

अफगाणिस्तानात आपलं सैन्य नव्हतं, पण संबंध होता. सलमा धरण, झरंज-दिलाराम रस्ता, काबूलची संसद आपण बांधली. खडकवासल्याच्या एनडीएत अफगाण छात्र शिकले, पुण्यात अफगाण विद्यार्थ्यांची मोठी वस्ती होती. ऑगस्ट 2021 मध्ये भारताने अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द ठरवले आणि सुट्टीत घरी गेलेले, शिष्यवृत्तीवर शिकणारे कितीतरी विद्यार्थी परत येऊ शकले नाहीत. यात मुलीही होत्या, ज्यांच्यासाठी त्यांच्या देशात विद्यापीठाचं दार पुढे बंदच झालं. सैन्य नेणाऱ्या देशाइतकं आपलं देणं नाही. पण प्रवेश आपण दिला होता, शिष्यवृत्ती आपण दिली होती. निदान ज्यांचा अभ्यासक्रम अर्धा राहिला त्यांची यादी आपल्या विद्यापीठांकडे आहे, त्यांच्यासाठी वेगळा, जलद व्हिसा देणं अवघड नव्हतं. आजही नाही.

आणि आपले हजारो जवान संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत काँगो, दक्षिण सुदानमध्ये तैनात असतात. तिथेही भाषा सांगणारा, गावात नेणारा स्थानिक माणूस बरोबर असतोच. काँगोच्या दक्षिण किवू प्रांतातून संयुक्त राष्ट्रांची मोहीम 2024 मध्ये मागे घेतली गेली, बाकीच्या माघारीची चर्चा चालू आहे. त्या स्थानिक सहकाऱ्यांची नोंद कुणाकडे आहे, मोहीम आवरली की त्यांनी कुठल्या कार्यालयात जायचं, हे सैन्य पुरवणाऱ्या देशांनी, म्हणजे आपणही, आत्ताच विचारायला हवं. तिथल्या तुकड्या अजून जागेवर आहेत आणि ज्या अधिकाऱ्यांना हे दुभाषे चेहऱ्याने माहीत आहेत तेही.